चाळीस लिटरची फळी

टेलरबाईंच्या दुकानात मशीनच्या खणात एक बिस्किटांचा जुना डबा होता, आणि त्यात काय आहे हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. निदान त्यांचा तसा पक्का समज होता. डब्यात होती कापडी लेबलं, अठ्ठावीसपासून पन्नासपर्यंत सगळ्या मापांची. आता लेबलात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. बँकेतल्या कॅशियरबाईंची कंबर भरायची चाळीस. टेलरबाई स्कर्ट शिवायच्या बरोब्बर चाळीसचा, वर शिवणीत दोन बोटं कापड राखून, आणि आतून लेबल लावायच्या छत्तीसचं. कॅशियरबाई पडद्याआड जाऊन स्कर्ट चढवायच्या, लेबल उलटून बघायच्या आणि बाहेर अशा यायच्या, की जणू कोणी त्यांच्यासाठी बँड लावलाय. "तुमच्या हाताला तोड नाही हो!" म्हणायच्या. टेलरबाई दातांत टाचण्या धरून नुसतं "हं" करायच्या. दातांत टाचण्या असल्या की हसू आवरायला बरं पडतं.

तीस वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालला होता. गावातले निम्मे लोक स्वतःच्या खऱ्या मापापेक्षा दोन आकडे खाली सुखात जगत होते, आणि ते सगळं पुण्य टेलरबाईंच्या खात्यावर. माप घेताना त्या कधी मोठ्यानं आकडा बोलायच्या नाहीत. कोणी स्वतःहून सांगितलंच, "माझी कंबर चौतीस," तर मान डोलवायच्या, टेप लावायच्या आणि अडतीस लिहायच्या. गिऱ्हाईक कंबरेबद्दल खरं बोलत नाही, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान होतं.

अशी ही बाई. वय वर्षं एकोणसाठ आणि अकरा महिने, डोळ्यांवर दोरीचा चष्मा, गळ्यात टेप, आणि दर रविवारी सकाळी काखेत सर्फबोर्ड मारून समुद्रावर जाणारी. हो, सर्फबोर्डच. दचकू नका, गाव कधीच दचकून मोकळं झालंय.

त्याचं असं झालं होतं. एकतीस वर्षांच्या असताना त्यांच्या दुकानात एक लांब केसांचं गिऱ्हाईक सहा फुटी बोर्ड घेऊन आलं. याला कव्हर शिवून ठेवा, शनिवारी नेतो, म्हणालं. कव्हर शुक्रवारीच झालं. शनिवार गेला, महिना गेला, वर्ष गेलं, तो बाबा काही फिरकला नाही. बोर्ड भिंतीला टेकून उभा. टेलरबाई रोज त्याची धूळ पुसायच्या आणि रोज मनात म्हणायच्या, अरे, तुला नेमकं करतात तरी काय? एका रविवारी राहवेना, तेव्हा घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी नाकातोंडात इतकं पाणी गेलं की सोमवारी सुईत दोरा ओवायला वाकल्या तर नाकातून समुद्र गळला. दुसऱ्या रविवारी परत गेल्या. अकराव्या रविवारी उभ्या राहिल्या. चार सेकंद. पण ते चार सेकंद त्यांनी मास्तरांना साडेतीन तास सांगितले.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मास्तर समुद्रावर कधी यायचे नाहीत, कारण वाळूशी त्यांचं हाडवैर. बुटात एक कण गेला तरी माणूस अस्वस्थ. पण रविवारी दहा वाजता बायको ओली होऊन दारात उभी राहिली की ते वर्तमानपत्रातून डोकं काढून एकच शब्द विचारायचे, "किती?" म्हणजे किती लाटांवर उभी राहिलीस. आणि तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहायचे. अठ्ठावीस वर्षांची कॅलेंडरं त्यांनी जपून ठेवली होती. आकडा मात्र लगेच मिळायचा नाही. टेलरबाई आधी पहिली लाट कशी आली ते सांगायच्या, मग दुसरी कशी हुलकावणी देऊन गेली ते, मग मध्येच टॉवेल खांद्यावर तसाच टाकून फरशीवर आडव्या होऊन दाखवायच्या. चहा दोनदा गार व्हायचा. मास्तर पेन उघडून धरून बसायचे.

त्या पहिल्या बोर्डाला त्या 'कात्री' म्हणायच्या. होतीच तशी, पातळ आणि टोकदार. तेव्हा लाटाही कात्रीजोग्याच होत्या. किनाऱ्याजवळ येऊन भिंतीसारख्या उभ्या राहायच्या आणि धाडकन फुटायच्या. टेलरबाई चोपन्न किलोच्या, गुडघे स्प्रिंगचे. टुणकन उभ्या, सर्रकन पार.

मग दोन वर्षांपूर्वी बंदराची दगडी भिंत लांबवली. खालची वाळू इकडची तिकडे झाली आणि लाटांचा स्वभावच पालटला. आता त्या लांबवर, निवांत फुटायच्या आणि जांभया देत देत किनाऱ्याला यायच्या. अशा लाटेला पातळ बोर्ड चालत नाही, तिला अंगावर घ्यायला भरपूर फळी लागते. कात्री जागच्या जागी बुडायची आणि लाट खालून निघून जायची, एखादी बस हात दाखवूनही न थांबता निघून जावी तशी. बरं, एकट्या लाटाच बदलल्या असत्या तर त्यांना शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण इकडे टेलरबाई सहासष्ट किलोच्या झाल्या होत्या, उजवा गुडघा दुखरा झाला होता आणि डावा खांदा हवा बदलली की आधी कळवायचा.

गेले चार महिने त्या एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या. एकदाही नाही! दर रविवारी जायच्या, दोन तास धडपडायच्या, खारं पाणी प्यायच्या आणि परत यायच्या.

आणि दारातून मास्तर विचारायचे, "किती?"

पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "पाच" कसं निघालं ते त्यांनाच कळलं नाही. मास्तरांनी "वा!" म्हटलं आणि लिहिलं. पेनची रिफील संपली म्हणून मास्तर हल्ली पेन्सिलीनं लिहीत होते. पुढच्या रविवारी "सात". मग थाप खरी वाटावी म्हणून एकदा "तीनच हो, आज काही मजा नव्हती." आकडा फेकायचा आणि तडक न्हाणीघरात. नळ सोडून, साबण डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून, खुशाल रडायचं. बाहेर आल्या की पुन्हा टेलरबाई.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण लेकीचा फोन आला.

"आई, पुढच्या महिन्यात तुझी साठी रविवारी येतेय! आम्ही दोघं येणार. आणि केक-बिक काही नको. आम्हाला तुला लाटेवर बघायचंय. यांनी तर तुला कधीच बघितलं नाहीये!"

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. बाबा म्हणाले तू परवा सात मारल्यास. साठाव्या वर्षी सात! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय."

टेलरबाईंच्या हातातला कोट खाली पडला. "आणि बाबा पण येतायत हं," लेक म्हणाली. "वाळूत. कबूल केलंय त्यांनी."

फोन ठेवल्यावर त्या मशीनसमोर मटकन बसल्या. अठ्ठावीस वर्षांत जो माणूस वाळूत उतरला नाही तो आता उतरणार, आणि काय बघणार? तर आपली बायको पाण्यात पालथी पडून भोपळा मिळवते ते. एका सकाळीत चार महिन्यांच्या थापा उघड्या पडणार. थापांचंही एक वेळ सोडा, पण आपण आता उभ्याच राहू शकत नाही, हे त्यांना कोणाच्याही डोळ्यांत वाचायचं नव्हतं. स्वतःच्या तर मुळीच नाही. पाच आठवडे होते हातात. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि ताडताड निघाल्या, फळीवाल्याकडे.

फळीवाला म्हणजे गावात सर्फबोर्ड बनवणारा एकुलता एक कारागीर. पंचावन्नचा, गोल गरगरीत पोट, भुवयांवर कायम पांढरा भुगा. त्याचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मधोमध घोडीवर फोमचा ठोकळा आडवा, दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर दिव्यांच्या नळ्या, म्हणजे त्या तिरप्या उजेडात रंध्याचा बारीकसा खड्डाही सावली पाडून चहाडी करतो. छताला खाकी पुठ्ठ्याचे नमुने लटकलेले, अगदी टेलरबाईंच्या दुकानातल्या बाह्या आणि कॉलर लटकतात तसे. आणि नाकात झोंबणारा राळेचा वास. टेलरबाईंना ही खोली फार आवडायची. इथे भुगा उडतो आणि आमच्याकडे चिंध्या, एवढाच काय तो फरक, असं त्या म्हणायच्या.

"या टेलरबाई! पँट घेऊन आलात?" तोंडावरचा मास्क खाली ओढत फळीवाला म्हणाला. त्याच्या पँटी त्यांच्याकडेच शिवायच्या. कंबर बेचाळीस, लेबल छत्तीस.

"पँट राहू दे. मला बोर्ड पाहिजे. पाच आठवड्यांत."

फळीवाल्याच्या हातातला रंधा थांबला. "कात्री?"

"कात्री म्हातारी झाली," टेलरबाई ठसक्यात म्हणाल्या.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली, पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि स्टुलावर बसला. "वजन?"

आता काय झालं म्हणता? जी बाई तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजत आली, जिला गिऱ्हाइकाची थाप सुईच्या नेढ्यातून दिसते, तिनं खिडकीबाहेर बघत ठणकावून सांगितलं, "चोपन्न."

फळीवाल्यानं वर बघितलं नाही. "चोपन्न," त्यानं लिहून घेतलं. "गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय!"

"खांदे?"

"अहो, तुम्ही बोर्ड बनवताय की माझं लग्न जमवताय?"

"विचारावं लागतं बाई. बरं, आठवड्याला किती लाटा मारता?"

"सहा-सात," टेलरबाई म्हणाल्या आणि त्यांचे कान तापले. म्हणजे बघा, नवऱ्याला मारलेली थाप आता कारागिरालाही मारून झाली. शिंप्याला आणि बोर्डवाल्याला खोटं माप देणारा माणूस स्वतःच्याच अंगाचं नुकसान करतो, हे त्यांना सांगायला हवं होतं का कुणी? त्या हेच तर लोकांना तीस वर्षं मनातल्या मनात सुनावत होत्या.

मग सुरू झाली घासाघीस. बोर्डाचं माप दोन गोष्टींत सांगतात, लांबी फुटांत आणि एकूण पोट लिटरांत. जितके लिटर जास्त, तितकी फळी जाड, आणि तितकी ती माणसाला वर उचलून धरते.

"या लाटांना साडेसात फूट लागेल," फळीवाला म्हणाला.

"चालेल." लांबीचं त्यांना काही वाटलं नाही. उंची वाढल्याची लाज कोणाला वाटते?

"आणि अठ्ठावन्न लिटर."

"अठ्ठावन्न!" टेलरबाई किंचाळल्याच. "बोर्ड मागितला मी, पाण्याची टाकी नाही! बत्तीस."

"बत्तीसवर मांजर तरंगेल बाई."

"छत्तीस."

"पन्नास."

"अडतीस. त्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंचा बोर्ड साडेसात फुटी आणि चाळीस लिटरचा आहे. मीच कव्हर शिवतेय त्याला. मी काय तिच्यापेक्षा जाड आहे?"

पोहण्याच्या बाई पंचवीस वर्षांच्या आणि वेताच्या छडीसारख्या. फळीवाल्यानं त्यांना डोळ्यांसमोर आणलं, मग टेलरबाईंकडे बघितलं, मग स्वतःच्या पँटीकडे. पँटीचा कमरेचा काठ त्यानं दोन बोटांत धरून चाचपला.

"बरं. चाळीस लिटर," तो म्हणाला. "लिहून देतो."

टेलरबाई जिंकल्याच्या ऐटीत बाहेर पडल्या. वाटेत दोनदा एकट्याच हसल्या. चाळीस लिटर! अजून आपण चाळीसवाल्या आहोत!

पण पुढचे दिवस काही सरळ गेले नाहीत. हवेत दमटपणा आला आणि राळ वाळायचं नाव घेईना. टेलरबाई रोज एक चक्कर मारायच्या, आणि रोज फळीवाला दार अडवून उभा राहायचा. "ओल्या बोर्डाला बघायचं नसतं."

"हे कुठलं शास्त्र?"

"माझं."

दर रविवारी त्या कात्री घेऊनच जात राहिल्या आणि घरी येऊन "सहा", "चार", "सहा" सांगत राहिल्या. एकदा तर भलत्याच धाडसानं "नऊ" सांगून बसल्या आणि मास्तर म्हणाले, "अरे बापरे." पेन्सिलीला टोक काढून त्यांनी नऊ लिहिले.

शेवटी बोर्ड मिळाला तो ऐन शनिवारी दुपारी, साठीच्या आदल्या दिवशी. पिवळाधमक, मऊसूत, नाक गोल. शेपटाजवळ काळ्या शाईत सुबक अक्षरांत लिहिलेलं: साडेसात फूट, चाळीस लिटर. टेलरबाईंनी त्यावरून हात फिरवला. शिंपिणीचा हात तो, त्याला जरा काहीतरी भरल्यासारखं लागलं. कडा गुबगुबीत, पोट ऐसपैस. हात म्हणाला, बाई, हे चाळीस नाही. पण डोळ्यांनी शाईतला आकडा वाचला आणि हाताला गप्प केलं. काखेत मावेना म्हणून बोर्ड डोक्यावर घेतला आणि भर बाजारातून त्या अशा निघाल्या, की कॅशियरबाई बँकेच्या पायरीवर थांबून बघत राहिल्या.

दुकानात येऊन बघतात तर नव्या बोर्डाला कव्हर नाही. लेक-जावई पाचच्या गाडीनं येणार, शिवायला वेळ कुठला? तेवढ्यात खुंटीवरचं कव्हर दिसलं. पोहण्याच्या बाईंचं. साडेसात फूट, चाळीस लिटर, तयार, फक्त न्यायचं राहिलेलं. मापाला माप! उद्याच्या दिवसापुरतं घेऊ, त्या हो म्हणतील. त्यांनी बोर्ड आत सरकवला. नाक गेलं. खांदे जरा अडकले, दाबून बसवले. आणि चेन ओढली.

चेन लागेना.

टेलरबाईंनी कव्हर सारखं केलं, परत ओढली. अर्ध्यावर येऊन अडली. मग बोर्ड जमिनीवर ठेवून त्याच्यावर बसून ओढली. मग चक्क बोर्डाला म्हणाल्या, "पोट आत घे!" आणि तशाच थांबल्या. पडद्याआडून हे वाक्य त्यांनी आजवर हजारदा ऐकलं होतं. मधोमध चार बोटं अंतर राहिलं होतं. पिवळाधमक बोर्ड त्या फटीतून आरामात बाहेर डोकावत होता.

त्यांनी गळ्यातला टेप काढला. रुंदी मोजली, जाडी मोजली. पोहण्याच्या बाईंची मापं पुठ्ठ्यावर लिहिलेली होतीच. शेजारी शेजारी ठेवली. चाळीस कुठले! पठ्ठ्यानं पहिल्या दिवशी सांगितलेले अठ्ठावन्न पुरते कोरले होते आणि वर चाळीसचं लेबल लावलं होतं.

आधी त्यांना राग आला. चांगला टाळूपर्यंत चढला. "मला? माझीच युक्ती मला?" असं ओरडून त्या उठल्या, आणि उभ्या उभ्याच त्यांना ती छत्तीसचं लेबल लावलेली पँट आठवली, आणि तिचा काठ दोन बोटांत धरून बसलेला फळीवाला. म्हणजे याला माहीत होतं. बेचाळीस कमरेच्या माणसाला आपण छत्तीस नाही हे कळत नाही होय? रोज पट्टा तोच बांधतो. आणि त्याला माहीत होतं तर कॅशियरबाईंना? त्यांनाही. लेबल उलटून बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते फसल्याचं सुख नव्हतंच मुळी. गावात सगळ्यांनाच माहीत होतं! तीस वर्षं सगळं गाव पडद्याआडून बाहेर येऊन "तुमच्या हाताला तोड नाही" म्हणत होतं आणि हसू आवरायला दातांत टाचण्या फक्त टेलरबाईंच्याच होत्या, असं नव्हे.

टेलरबाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता त्या बोर्डावर पालथ्या पडल्या, तर तो गुबगुबीत बोर्ड दोन्ही बाजूंनी आधार दिल्यासारखा खाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा हसू कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारचा घड्याळजी दारात येऊन विचारून गेला, "बाई, सगळं ठीक ना?"

"मी सहासष्ट किलोची आहे!" टेलरबाई जमिनीवरून ओरडल्या.

"बरं," घड्याळजी म्हणाला आणि घाईघाईनं आपल्या दुकानात परतला.

रविवारी सकाळी सगळं लटांबर किनाऱ्यावर निघालं. पुढे टेलरबाई डोक्यावर उघडा पिवळा बोर्ड घेऊन, मागे लेक कॅमेरा घेऊन, जावई सतरंजी आणि थर्मास घेऊन, आणि सगळ्यात शेवटी मास्तर. पायात बूट-मोजे, पँट मोज्यांत खोचलेली, एकेक पाऊल असं टाकत, की जणू खाली सुरुंग पेरलेत. फळीवालाही आला होता. लांब दगडावर पाठमोरा बसून समुद्राशी आपला काही संबंध नसल्यासारखा सफरचंद खात होता.

टेलरबाईंनी बोर्डाची दोरी पायाला बांधली आणि पाण्यात शिरल्या. बोर्डावर आडव्या झाल्या मात्र, आणि हरखल्याच. बुडाला नाही! कात्रीवर छातीपर्यंत पाणी यायचं, इथे त्या कोरड्या खटखटीत, दिवाणावर पडल्यासारख्या. चार हात मारले तर बोर्ड सुळकन पुढे. खांदा म्हणाला, अरे, एवढंच?

पहिली लाट आली. लाटेनं उचललं, बोर्ड निघालाही, पण त्या जुन्या सवयीनं टुणकन उठायला गेल्या आणि गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला. धपकन पाण्यात. दुसरी लाट, तोच प्रकार. तिसऱ्या वेळी तर पाय अर्धवट उभे आणि बाई पूर्ण उलट्या. किनाऱ्यावरून लेकीचं "शाब्बास आई!" ऐकू आलं, आणि ते ज्या आवाजात म्हटलं होतं तो आवाज ऐकून त्यांनी बोर्ड तडक परत आत वळवला. समजूत काढायचा आवाज होता तो. तासभर झाला. सात वेळा पडल्या. नाकात समुद्र, कानात समुद्र. फळीनं आपलं काम चोख केलं होतं, आता राहिलं होतं फक्त यांचं अंग.

बोर्डावर दोन्हीकडे पाय सोडून त्या बसल्या आणि धापा टाकता टाकता स्वतःला बोलल्या. टेलरबाई, माप कोणाचं घेतलंत? फळी सहासष्टची आणि उठणं अजून चोपन्नचं! साठीची बाई तिशीसारखी टुणकन कशाला उठेल? आधी एक गुडघा टेकवेल, चांगला डावा, मग हात टेकवेल, आणि मग उठेल, जशी रोज दुकानात जमिनीवरून कापड बेतून उठते तशी. समुद्रावर गुडघा टेकणं म्हणजे नवशिक्यांचं काम, असं त्या अठ्ठावीस वर्षं मानत आल्या होत्या. छे! कोण बघतंय? बघू दे की!

लांबवर एक लाट उठली. गोलमटोल, सुस्त, आपली वेळ घेत येणारी. टेलरबाईंनी हात मारले. लाटेनं बोर्डाला खालून उचललं, बोर्ड घसरायला लागला, आणि त्यांनी डावा गुडघा टेकवला. मग तळहात. मग "अगं आई गं" असं मोठ्यांदा म्हणत उजवा पाय पुढे आणला, आणि उठल्या.

उभ्या!

आणि ती लाट संपेचना! जुनी लाट असती तर चार सेकंदांत भिरकावून मोकळी झाली असती. ही म्हातारी त्यांना घेऊन चालली ती चाललीच, बंदराच्या भिंतीपासून थेट होड्यांपर्यंत. टेलरबाईंनी दोन्ही हात पसरले. मग एक हात कमरेवर ठेवला. मग लेकीला टाटा केला. कोणीतरी वेड्यासारखं ओरडत होतं, आणि ते आपणच आहोत हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. "सहासष्ट!" त्या ओरडत होत्या. "अठ्ठावन्न! साठ!" किनाऱ्यावर लेक उड्या मारत होती, जावयानं थर्मास लवंडला होता. दगडावरच्या फळीवाल्यानं सफरचंद हवेत फेकलं होतं. आणि मास्तर? मास्तरांच्या डाव्या बुटात वाळूचा कण गेला होता. नेमके त्याच वेळी ते पाठ फिरवून, वाकून, बूट काढून झटकत होते.

"बघितलंत?" टेलरबाई ठिबकत ठिबकत धावत आल्या.

मास्तरांनी बूट हातात धरून वर बघितलं. "काय?"

लेकीनं कपाळावर हात मारला. जावयानं तिला फोटो काढलाय का विचारलं, तर कॅमेऱ्याचं झाकण निघालंच नव्हतं. टेलरबाई वाळूतच बसल्या आणि खो खो हसल्या. परत पाण्यात जायचं त्राण कोणात होतं! एवढ्यात फळीवाला बाजूनं जाताना जरा थांबला.

"चाळीस लिटर बरे पडले ना बाई?" त्यानं समुद्राकडे बघत विचारलं.

"तुमच्या हाताला तोड नाही हो," टेलरबाई म्हणाल्या.

दहा वाजता त्या घरी स्वयंपाकघरात उभ्या होत्या, खांद्यावर टॉवेल, पायाखाली थारोळं. मास्तरांनी मोजे झटकून दाराबाहेर ठेवले, हात धुतले, आणि नेहमीच्या खुर्चीत बसून विचारलं, "किती?"

टेलरबाईंनी तोंड उघडलं. आणि आकडा काही आला नाही. "अहो, ती आली ना," त्या म्हणाल्या, "ती इतकी हळू आली, मला वाटलं वाटेत कोणाशी गप्पा मारत थांबलीय. मी म्हटलं ये बाई, तुझ्या सवडीनं ये. आणि मग मी गुडघा टेकवला! हसू नका. हा डावा, असा..." आणि त्या खरंच फरशीवर आडव्या झाल्या, चांगल्या ओल्या कपड्यांनिशी, आणि गुडघा कसा टेकवला, हात कुठे ठेवले, उठताना काय ओरडल्या, सगळं करून दाखवायला लागल्या. चहा गार झाला. लेकीनं दुसरा केला, तोही गार झाला.

मास्तर ऐकता ऐकता उठले. कॅलेंडरजवळ गेले. वरच्या फळीवरच्या डब्यातून त्यांनी पेन काढलं आणि टोपण उघडून धरलं.

टेलरबाई फरशीवरच थांबल्या. "रिफील मिळाली?"

"रिफील कधी संपलीच नव्हती," मास्तर म्हणाले.

टेलरबाईंनी कॅलेंडरकडे बघितलं. ओळीनं सगळे रविवार. पाच, सात, तीन, सहा, नऊ. सगळे पेन्सिलीनं, इतके हलके लिहिलेले की बोट फिरवलं तरी पुसले जावेत. त्याआधीचे सगळे निळ्या शाईत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खरी उभी राहतेस तेव्हा तू आकडा सांगत नाहीस," मास्तर म्हणाले. "पाच महिने मला नुसते आकडेच मिळत होते. हं, गुडघा टेकवलास, मग?"

टेलरबाईंनी ओल्या टॉवेलनं नाक पुसलं, आणि गुडघ्यापासून पुढे सांगायला लागल्या.